गळा आपला, फड कोणाचा?

सिद्धगडाच्या पायथ्याशी ज्या आमच्या वाड्या व गावे वसली आहेत, त्यांत गाणारे पोर नाही असे एकही गाव सापडणार नाही. कोठे भजनात टाळकऱ्यांच्या पाठीमागे बसणारा मुलगा बुवांच्या आधी सूर धरतो; कोठे लग्नात धवळे गाणाऱ्या म्हातारीजवळ बसून एखादी मुलगी चार दिवसांत सारी गाणी मुखोद्गत करते. अशा पोराविषयी आमच्या शेतकरी व कारागीर समाजात दोन मते आढळतात. पहिले मत जुने आहे. बाप म्हणतो, 'हे नाटक्या होणार, तमाशात जाणार, घराण्याचे नाव घालवणार,' आणि पोराला नांगरामागे पिटाळतो. दुसरे मत अलीकडे निपजले आहे. टेलिव्हिजनवर कोणा गरिबाच्या मुलाला बक्षीस मिळालेले पाहून बाप म्हणतो, 'आमचे पोर एकदा मुंबईला गेले की आमचे दारिद्र्य संपले.'

आम्हांस ही दोन्ही मते घातक वाटतात. एकाने गळ्याला पाप ठरविले, दुसऱ्याने त्याला सोडतीचे तिकीट ठरविले. वास्तविक गळा हा हुन्नर आहे. सुताराचा वाकस, कुंभाराचे चाक, कोष्ट्याचा माग, तसाच गवयाचा गळा. आणि हुन्नराविषयी शहाण्या कष्टकऱ्याने जे तीन प्रश्न विचारावेत तेच येथेही विचारले पाहिजेत: हत्यार कोणाच्या मालकीचे, माल कोणाच्या नावाने विकला जातो, आणि हिशेबाची वही कोणाच्या हाती असते? हे प्रश्न किती महत्त्वाचे आहेत हे समजण्यास आपल्याच समाजातील एका थोर नटाचे चरित्र उपयोगी पडेल, म्हणून ते आम्ही वाचकांपुढे ठेवतो. हा नट म्हणजे कोल्हापूरचे संगीतसूर्य केशवराव भोसले.

केशवरावांचा जन्म ९ ऑगस्ट १८९० रोजी कोल्हापुरात एका गरीब मराठा घरात झाला. त्या वेळी संगीत नाटकाला अवघी दहा वर्षे झाली होती. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली पुण्यात 'शाकुंतल' रंगभूमीवर आणले, तेव्हापासून गाणाऱ्या नटाला महाराष्ट्रात मोठी किंमत आली. स्त्रियांनी रंगभूमीवर येणे तेव्हा शिष्ट समाजाला मान्य नव्हते. म्हणून नायिकांची कामे पुरुषच करीत, आणि कोवळ्या आवाजाच्या मुलांची नाटक कंपन्यांना फार गरज असे. मुलाला दोन वेळचे जेवण, अंगावर कपडा व गाण्याची तालीम मिळे. आईबापांच्या हाती थोडे पैसे येत. आणि त्या बदल्यात पोर काही वर्षांपुरते कंपनीचे होऊन जाई. गरिबाच्या घरी हा सौदा नाकारणे सोपे नव्हते. केशवराव अगदी लहान वयात 'स्वदेशहितचिंतक' नाटक मंडळीत दाखल झाले. ज्या वयात मुलाने पाटीवर बाराखडी गिरवावी, त्या वयात ते रंगलेल्या पडद्यापुढे उभे होते.

गोविंद बल्लाळ देवल यांचे 'संगीत शारदा' हे नाटक १८९९ साली आले. पैशाच्या लोभाने कोवळी मुलगी थेरड्याच्या गळ्यात बांधण्याच्या चालीवर त्या नाटकाने कोरडे ओढले. हे दुःख केवळ एका जातीचे नव्हते. कर्जापायी मुलगी देण्याचे प्रकार आमच्या घरांनीही पाहिले आहेत. ह्या शारदेची भूमिका लहानग्या केशवने केली आणि त्याचे नाव गावोगाव झाले. लोक पोराच्या गळ्यासाठी तिकीट काढू लागले. आता वाचकांनीच विचार करावा. गर्दी जमविली पोराच्या गळ्याने, परंतु पेटीत पडलेला पैसा मोजण्याचा अधिकार त्या पोराला नव्हता. यात कोणा एका मालकाचा दुष्टपणा शोधण्याचे कारण नाही. पडदे, कपडे व भांडवल ज्याचे, पेटीही त्याची, हाच त्या धंद्याचा कायदा होता. वीटभट्टीवर जाणाऱ्या आमच्या कातकरी बांधवांना हा कायदा पुस्तकात वाचावा लागत नाही.

केशवरावांचे खरे मोठेपण येथून पुढे सुरू होते. १ जानेवारी १९०८ रोजी हुबळी येथे त्यांनी 'ललितकलादर्श' ही स्वतःची नाटक मंडळी उभी केली. त्या वेळी त्यांचे वय सतरा वर्षांचे होते. नाटक मंडळी काढणे म्हणजे काय, हे आमच्या वाचकांना बैलजोडी व औत नव्याने उभे करण्यावरून समजेल. चार गोड गाणी येऊन भागत नाही. रंगविलेले पडदे, शालू-शेले, दागिने, पायपेटी, तबला, सारंगी, बत्त्या, एवढा सारा सरंजाम लागतो. पन्नास माणसांचे बिऱ्हाड एका मुक्कामावरून दुसऱ्या मुक्कामास रेल्वेने न्यावे लागते. पाऊस लागून खेळ बंद राहिले तरी चूल पेटती ठेवावी लागते. हे ओझे त्या पोराने खांद्यावर घेतले, आणि ते घेतले म्हणूनच तो गाणाऱ्या पोराचा कर्ता पुरुष झाला.

दुसरी गोष्ट अशी की, आपणांस सर्व येते असा ताठा त्यांनी धरला नाही. चालींसाठी रामकृष्णबुवा वझे यांच्यासारखे जाणते गवई त्यांच्या मंडळीला लाभले. पडदे रंगविण्यास पु. श्री. काळे यांच्यासारखा कलावंत मिळाला. नव्या विषयांवर लिहिणारे मामा वरेरकर यांना त्यांनी जवळ केले. वरेरकरांच्या 'हाच मुलाचा बाप' ह्या नाटकाने हुंड्याच्या चालीचे वाभाडे काढले, आणि १९१९ साली आलेल्या 'संन्याशाचा संसार' ह्या नाटकाने धर्मांतराचा व धर्मात परत घेण्याचा प्रश्न लोकांपुढे मांडला. मंडळीचा मालक मराठा, गवई व लेखक दुसऱ्या जातींचे, आणि सारे एका पंगतीचे काम करीत. हुन्नर जेथे खरा असतो तेथे जात विचारून चालत नाही, हे ह्या मंडळीने व्याख्यान न देता दाखविले.

कोल्हापूरच्या शाहू छत्रपतींचा आश्रय ह्या काळात केशवरावांना लाभला. महाराजांनी १९१५ साली कोल्हापुरात पॅलेस थिएटर उभे केले. शेजारीच खासबागेचे कुस्तीचे मैदान आहे. गाणारा व पैलवान हे दोघेही रयतेचेच पुत्र, म्हणून दोघांसाठी जागा असावी, असा त्यात सरळ अर्थ आहे. त्याच महाराजांनी १९१७ साली आपल्या संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले, हेही येथे विसरता कामा नये. एका हाताने नाटकगृह बांधणारा राजा दुसऱ्या हाताने शाळा काढीत होता. आम्ही पेशाने शिक्षक असल्यामुळे आम्हांस ह्या दोन गोष्टी निराळ्या वाटत नाहीत. ज्याला स्वतःच्या नावाची सही करता येत नाही, त्याचा गळा कितीही गोड असला तरी शेवटी तो दुसऱ्याच्या वहीत लिहिला जातो.

१९२१ साल हे केशवरावांच्या चरित्रातील कळसाचे व शेवटचे साल. लोकमान्य टिळकांच्या स्मरणार्थ महात्मा गांधींनी एक कोटी रुपयांचा स्वराज्य फंड सुरू केला होता. त्या फंडासाठी ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत 'संयुक्त मानापमान' नाटकाचा खेळ झाला. दोन प्रतिस्पर्धी मंडळ्यांचे मालक एका रंगभूमीवर उभे राहिले: भामिनी बालगंधर्व, आणि धैर्यधर केशवराव. नाटकातील भामिनी ही श्रीमंताची लेक, आणि धैर्यधर हा पैसा नसलेला शूर शिपाईगडी. धन नाही म्हणून त्याचा अपमान होतो आणि शेवटी गुणाला मान मिळतो. ही भूमिका कोल्हापूरच्या गरीब घरातून आलेल्या नटाने करावी हा योगच म्हटला पाहिजे. त्या रात्री कोण वरचढ ठरला ह्यावर रसिकांनी पुढे कित्येक वर्षे वाद घातला. आम्हांस त्या वादाशी कर्तव्य नाही. दोघांनी आपला गळा देशाच्या कामी फुकट दिला, आणि स्वतःच्या मंडळीचे मालक होते म्हणूनच तो देण्याचा अधिकार त्यांना होता, हे आम्हांस महत्त्वाचे वाटते. चाकराला दानधर्म करण्याचीही मोकळीक नसते.

त्यानंतर तीन महिनेही गेले नाहीत. ४ ऑक्टोबर १९२१ रोजी विषमज्वराने केशवराव वारले. वय एकतीस वर्षे. पोरवयापासून रात्रीची जागरणे, गावोगावची पाणी व हवा, ताप असला तरी खेळ लावलेला, हे गाणाऱ्या नटाचे जिणे. शेतकरी बैलाला निदान बेंदराच्या दिवशी तरी विसावा देतो.

परंतु मालक गेल्यावर मंडळी मोडली नाही. बापूराव पेंढारकरांनी 'ललितकलादर्श' पुढे चालविली, व त्यांच्या मागून त्यांचे चिरंजीव भालचंद्र पेंढारकर यांनी तीच संस्था पुन्हा उभी करून स्वातंत्र्यानंतरही कित्येक वर्षे नाटके केली. सतरा वर्षांच्या मुलाने लावलेले रोप त्याच्या मरणानंतरही फळ देत राहिले. उलट बालगंधर्वांचे पाहा. त्यांच्या गळ्याला व रूपाला तोड नव्हती. १९१३ साली त्यांनीही गंधर्व मंडळी काढली. परंतु उंची अत्तरे, भरजरी वस्त्रे व सढळ हात यांपुढे हिशेब टिकला नाही. मंडळी कर्जात बुडाली, आणि १९६७ साली वारलेल्या त्या गायकाचे उतारवय हलाखीत गेले. म्हणजे हा प्रश्न केवळ जातीचा नाही. वहीकडे जो पाठ फिरवितो त्याला ती वही सोडीत नाही, मग तो कोणीही असो.

आता कोणी म्हणेल की, मास्तर, तुमचे म्हणणे सोपे आहे. गाणाऱ्याने मालक व्हावे की झाले. नाही, तेवढ्याने होत नाही. ह्यासाठी आमच्या डोंगरापलीकडचेच उदाहरण घेऊ. मुरबाडहून माळशेज घाट चढून पुढे गेले की जुन्नर तालुक्यात नारायणगाव लागते. तेथे तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात, आणि जत्रेची सुपारी देण्यास गावोगावचे पंच तेथे जातात. त्या गावाचे नाव ज्यांनी महाराष्ट्रभर केले, त्या विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर. त्यांचा जन्म १९३५ साली पंढरपुरास झाला. वाडवडिलांचा फड, गाणे-नाचणे घरचे, आणि पुढे स्वतःच्या नावाचा फडही त्यांनी चालविला. राष्ट्रपतींच्या हस्ते त्यांचा गौरव झाला. भरल्या पोटी नाचत असताना कळा आल्या, पडद्यामागे बाळंत झाल्या आणि पुन्हा लोकांपुढे उभ्या राहिल्या, ही हकीकत महाराष्ट्रात घरोघर सांगितली जाते. ऐकणारा 'धन्य ती बाई' म्हणतो. त्या स्थितीत तिला बोर्डावर उभे राहावे लागले हे कोणाच्या लाजेचे, हे मात्र कोणी विचारीत नाही. १५ जानेवारी २००२ रोजी त्या वारल्या, तेव्हा औषधपाण्याच्या खर्चासाठीही लोकांच्या मदतीकडे पाहावे लागत होते. आता त्यांच्या नावाने सरकार दरवर्षी पुरस्कार देते.

फड स्वतःच्या नावाचा असूनही असे का झाले? आमच्या मते ह्याची कारणे दोन. पहिले, तमाशाचा फड बहुधा उसन्या पैशावर उभा राहतो. दसऱ्याला हंगाम सुरू होण्याआधी कलावंतांना उचल द्यावी लागते, त्यासाठी फडमालक व्याजाने पैसे काढतो, आणि वैशाखापर्यंत नाचून जे मिळते ते व्याजाकडे जाते. कलावंत मालकाचा बांधलेला, मालक सावकाराचा बांधलेला. ह्या भागात आषाढात खावटी काढून माघात भात फेडणाऱ्या शेतकऱ्याला हे गणित नवीन नाही. दुसरे कारण आमच्या मनातले आहे. तेच गाणे मखमली पडद्यापुढे झाले की आपण त्याला कला म्हणतो, आणि कनातीत झाले की तमाशा म्हणून नाक मुरडतो. केशवरावांच्या पाठीशी एक छत्रपती उभा होता. विठाबाईंच्या पाठीशी शिट्ट्या होत्या. जोतीराव फुल्यांनी १८५५ साली 'तृतीय रत्न' हे नाटक लिहून दक्षिणा प्राइज कमिटीकडे दिले, परंतु त्याला रंगभूमी मिळाली नाही, ही गोष्ट आम्ही रागाने सांगतो. मग आपल्याच गावच्या जत्रेत आपल्याच जातभाईंच्या पोरींना आपण कोणती वागणूक देतो, तेही सांगितले पाहिजे.

हा विषय जुना झाला असे ज्यांना वाटते त्यांच्यासाठी एक ताजी गोष्ट. गेल्या वैशाखात आमच्या शाळेतील आठवीच्या एका मुलीच्या बापाकडे शहरातून एक गृहस्थ आला. मुलीचे गाणे त्याने मोबाईलवर ऐकले होते. रोख रक्कम बापाच्या पुढ्यात ठेवून त्याने कागदावर सही मागितली. बाप भातशेती करणारा, परंतु सावध. तो कागद घेऊन आमच्याकडे आला. आम्ही वाचून दाखविले: पाच वर्षे मुलीचा आवाज व चेहरा त्या गृहस्थाच्या परवानगीवाचून कोठेही वापरता येणार नाही, आणि ती जे गाईल त्याच्या कायमच्या कमाईवर तिचा हक्क राहणार नाही. बापाने एक वर्षाची मुदत व कमाईत वाटा मागितला. गृहस्थ पुन्हा आला नाही. मुलगी मात्र दुसऱ्या दिवशी वर्गाबाहेर उभी राहून आम्हांस म्हणाली, 'गुरुजी, मग आता माझं गाणं कोण ऐकणार?'

तिचा प्रश्न खोटा नाही. सावधपणाने गळा वाचला, पण गाणे अडले, तर त्या सावधपणाचा उपयोग काय? म्हणून केवळ 'सही करू नका' एवढे सांगून आम्हांस थांबता येत नाही. उत्तर घराने व गावाने मिळून दिले पाहिजे.

घराने करावयाचे ते असे. गाणाऱ्या पोराला मारू नये व विकूही नये. दहावीपर्यंत शाळा सुटू देऊ नये. सकाळचा एक तास रियाजासाठी मोकळा ठेवावा. त्या वेळी गुरे वळण्यास दुसऱ्याने जावे. मुलगी असेल तर हा तास दुप्पट जपावा, कारण तिचा वेळ मागणारे घरात अधिक असतात. कोणताही कागद वाचून घेतल्यावाचून अंगठा वा सही देऊ नये. कायदा आपल्या बाजूला अजिबात नाही असेही नाही. कॉपीराइटच्या कायद्यात १९९४ साली गाणाऱ्याचा व नटाचा स्वतंत्र हक्क मान्य झाला, आणि २०१२ साली त्याच्या गाण्याचा व्यापारी उपयोग झाल्यास कमाईतील वाट्याचा हक्कही आला. परंतु हक्क कागदावर असतो, आणि कागद वाचणाऱ्यालाच तो सापडतो.

गावाने करावयाचे ते असे. म्हशाच्या जत्रेला आपण बैल व घोंगड्या घेण्यास जातो, तेव्हा भाव ठरला की पैसा मोजून देतो. फडाची सुपारी मात्र ठरवितो एक व देतो एक. खेळ लवकर संपला, गाणे परत म्हटले नाही, अशी कारणे काढून पैसे कापतो. हे बंद झाले पाहिजे. बोर्डावरच्या बाईला हात लावणाऱ्या वा तिच्याकडे पाहून अचकटविचकट ओरडणाऱ्या गावच्या पोराला पंचांनी तेथेच उठवून घालविले पाहिजे, मग तो सरपंचाचा का असेना. आणि गणपतीत व जत्रेत मंडप व भोंग्यावर जो पैसा जातो, त्यातील थोडा बाजूला काढून गावाने पायपेटी, तबला व शिकविणारा बुवा ह्यांची सोय केली, तर त्या मुलीच्या गाण्याला निदान पहिला ऐकणारा गावातच मिळेल.

एवढे आम्हांस साधेल काय, अशी शंका येणे साहजिक आहे. ज्यांना ती येईल त्यांनी २ जानेवारीला सिद्धगडावरच्या हुतात्मा स्मारकाकडे पाहावे. १९४३ साली त्या दिवशी तेथे भाई कोतवाल व हिराजी पाटील इंग्रजांच्या गोळ्यांनी पडले. त्यांचे मरण सर्वांना पाठ आहे. परंतु त्याआधी माथेरानच्या न्हाव्याच्या घरातून आलेल्या ह्या वकिलाने खेड्यांत शाळा काढल्या होत्या, आणि शेतकऱ्याला सावकाराच्या दारी जावे लागू नये म्हणून धान्याच्या कोठ्या उभ्या केल्या होत्या. सुगीला ज्याने त्याने थोडे भात घालावयाचे व अडचणीला त्यातूनच न्यावयाचे. कलावंतांच्या उचलीलाही असाच उपाय लागू पडेल: फडातील माणसांची स्वतःची पतपेढी, ज्यात हंगामात थोडे थोडे पडावे व आजारपणात, बाळंतपणात, पावसाळ्यात मिळावे.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री, जयंतीच्या अगदी आदल्या दिवशी, कोल्हापूरचे ते नाटकगृह आगीत जळाले. १९५७ सालापासून त्याला केशवराव भोसल्यांचेच नाव आहे. दुसऱ्या दिवशी कलावंत राखेजवळ उभे राहून रडले, आणि ते पुन्हा बांधण्याचे सरकारने जाहीर केले. आम्हांस त्याचे समाधानच आहे. इमारत जळाली तर सरकार बांधील. परंतु आमच्या वाडीवस्तीवरचा एक गळा उपासाने, उचलीने वा लाजेने गेला तर तो सरकारला बांधता येत नाही. येत्या भात झोडणीनंतर ज्या गावात पंच बसतील, त्यांनी जत्रेच्या वर्गणीबरोबर गावच्या गाणाऱ्या पोरांचाही विषय काढावा, एवढीच आमची विनंती आहे.